मध्यंतराआधीचा चिट्टी

नागपूरच्या नंदनवनात केडीके कॉलेजच्या आसपासच्या एखाद्या टपरीवर 'रोबोट' हा शब्द नुसता काढावा. पुढचं सगळं पोट्टे स्वतःच सांगतात. काळा गॉगल, हाताला फुटलेल्या बंदुका, आणि शेवटच्या अर्ध्या तासात एकमेकांना चिकटून कधी गोळा, कधी अजगर, कधी आभाळाला टेकणारा राक्षस होणारे शेकडो रजनीकांत. दिग्दर्शक शंकर यांचा 'एंधिरन' 1 ऑक्टोबर 2010 रोजी लागला, हिंदीत तो 'रोबोट' झाला. पुढे टीव्हीवर त्याची इतकी पारायणं झाली की तेव्हा बालवाडीत असलेली आणि आज इंजिनिअरिंगला असलेली मुलंही तो पाठ असल्यासारखा सांगतात.

खर्चाचा आकडा तेव्हाच सव्वाशे कोटींच्या पुढे गेला होता. यंत्रमानवाचे मुखवटे आणि हलणारे अवयव घडवायला 'टर्मिनेटर'चा सांगाडा घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओतली माणसं, मारामाऱ्या बसवायला 'मॅट्रिक्स'वाले युएन वू-पिंग. दृश्य परिणामांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि या सगळ्या लवाजम्याच्या मधोमध शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत. जन्म 12 डिसेंबर 1950, बंगळूर, घर मराठी, पूर्वजांचं गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार, आणि सिनेमात येण्याआधीची नोकरी शहर बसच्या कंडक्टरची. देशातल्या सर्वांत गाजलेल्या यंत्रमानवाच्या आत मराठी माणूस होता, एवढी फुशारकी मारायला हरकत नाही. संवाद तमीळ होते, ही वेगळी गोष्ट.

मध्यंतरानंतरचा धुडगूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मध्यंतराआधी काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि चित्रपटातला खरा विचार नेमका तिथे आहे.

शास्त्रज्ञ डॉ. वसीगरन चिट्टी हा यंत्रमानव बनवतो ते भारतीय सैन्याला देण्यासाठी. त्याआधी तज्ज्ञांच्या समितीची मंजुरी लागते आणि तिथे बसलेले असतात डॅनीने रंगवलेले डॉ. बोहरा, वसीगरनचे गुरू आणि त्याच्या यशावर जळणारे. बोहरा चिट्टीला सुरा घेऊन त्याच्या निर्मात्यावरच वार करायला सांगतात. चिट्टी निघतो. ना राग, ना सूड, ना क्षणाची घालमेल. कुणीतरी सांगितलं म्हणून निघतो. समिती त्याला नापास करते. बोहरांचा हेतू हलकट होता, पण निकाल बरोबर होता. यंत्र धोकादायक ठरलं ते आज्ञा मोडली म्हणून नव्हे, आज्ञा पाळली म्हणून.

मग वसीगरन चिट्टीची लायकी सिद्ध करायला जातो. एका इमारतीला आग लागली आहे. चिट्टी धुरात शिरतो, एकेकाला उचलून बाहेर आणतो, लोक टाळ्या वाजवतात. एक मुलगी आत न्हाणीघरात अडकलेली असते. आगीत माणूस वाचवायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो तिला आहे तशी, विवस्त्र, उचलतो आणि खाली जमलेल्या गर्दीपुढे आणून उभी करतो. तिला लपायला जागा नसते. ती जीव खाऊन पळते आणि रस्त्यावरच्या ट्रकखाली सापडते. चिट्टीचं काम मात्र चोख झालेलं असतं. मुलगी आगीतून बाहेर, जिवंत, सर्वांत कमी वेळात. कुठल्याही तक्त्यात त्याच्या नावापुढे बरोबरची खूणच पडली असती.

सव्वाशे कोटींच्या चित्रपटात हे एक दृश्य असं आहे की जगातल्या कुठल्याही रोबोटपटाशेजारी ठेवावं. पण चित्रपटालाच त्यावर थांबायचा धीर झाला नाही. वसीगरन चिट्टीला भावना शिकवतो, चिट्टी वसीगरनच्याच प्रेयसीच्या प्रेमात पडतो, बोहरा त्याच्यात एक लाल चिप बसवतात आणि मग सगळं सोपं होतं. दुष्टपणा चिपमध्ये. चिप काढली की दुष्टपणा गेला.

ही लाल चिप फार जुनी आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली 'आर. यू. आर.' नाटकात यंत्रमानवांना बंड करायला लावलं. 1927 चा जर्मन 'मेट्रोपोलिस', 1984 चा 'टर्मिनेटर', 2015 चा 'एज ऑफ अल्ट्रॉन', सगळीकडे यंत्राचं डोकं फिरतं आणि मग गोळ्या सुटतात. ॲक्शनपटाला शत्रू लागतो, शत्रूला चेहरा लागतो, चेहऱ्याला राग लागतो. गल्ल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्यामुळे आपण सगळे मात्र यंत्र कधी चिडतं याची वाट पाहत बसलो आहोत. इकडे नागपुरात न चिडणारी, सांगितलेलं काम मुकाट करणारी यंत्रं येऊन कामालाही लागली. नागपूर सध्या 'रोबोट'च्या मध्यंतराआधी आहे.

सैन्यापासूनच सुरुवात करू, कारण चिट्टी सैन्यासाठीच होता. अमरावती रस्त्यावर बाजारगावच्या बाजूला सोलार इंडस्ट्रीजचा पसारा आहे. तिच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज या कंपनीने 'नागास्त्र-1' बनवलं: साधारण 9 किलोचं, पंखांचं, एका सैनिकाला पाठीवर वाहून नेता येईल असं ड्रोन. ते लक्ष्यावर घिरट्या घालतं आणि हुकूम मिळाला की स्फोटकासह त्यावर झेपावतं. सैन्याने अशा 480 नगांची मागणी नोंदवली आणि पहिले 120 जून 2024 मध्ये सुपूर्द झाले. 30 मार्च 2025 रोजी पंतप्रधानांनी याच उद्योगसमूहाच्या ड्रोनसाठीची धावपट्टी आणि चाचणी क्षेत्राचं उद्घाटन केलं. म्हणजे सैन्यासाठी लढणारं यंत्र बनवण्याचं वसीगरनचं स्वप्न चेन्नईच्या प्रयोगशाळेतून निघून विदर्भात उतरलं. त्याला हातपाय नाहीत, गॉगल नाही, प्रेमात पडण्याची सोय नाही.

या नागास्त्राची एक गोष्ट मात्र शंकर यांच्या पटकथेहून शहाणी आहे. ते परत बोलावता येतं. लक्ष्य सापडलं नाही किंवा वरून 'नको' आलं तर ते माघारी फिरतं आणि पॅराशूटने खाली उतरतं. 'नको' म्हणणारा माणूस साखळीत ठेवलेला आहे. तो किती दिवस ठेवला जाईल, हा जगभरातला वाद आहे. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव आला तेव्हा दीडशेहून अधिक देशांनी बाजूने मत दिलं आणि भारताने विरोधात. या विषयाची चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रास्त्रविषयक कराराच्या व्यासपीठावरच व्हावी, ही भारताची भूमिका. ती पटो न पटो, तिच्यावर नागपुरात तरी चर्चा व्हायला हवी होती, कारण माल इथला आहे. त्याच महिन्यात, 17 डिसेंबर 2023 रोजी, बाजारगावच्या याच कारखान्यात स्फोट होऊन 9 कामगार गेले, त्यात 6 बायका होत्या. रोबोटपटांत शास्त्रज्ञ दिसतो, सेनापती दिसतो, दहशतवादी दिसतो. दारू भरणारी बाई कधीच दिसत नाही.

दुसरं यंत्र रोज रस्त्यावर फिरतं. 2021 मध्ये नागपुरात 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. नागपूर महापालिका, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल आणि महिंद्रा असे भागीदार. 'आपली बस' या शहर बससेवेच्या गाड्यांच्या काचेमागे एक कॅमेरा बसला. तो समोरच्या वाहनाचं, पायी चालणाऱ्याचं अंतर सतत मोजत असतो. धडक होईल असं दिसलं की दोन-अडीच सेकंद आधी ड्रायव्हरच्या कानाशी टीटी करतो. बस. ब्रेक तो मारत नाही, ब्रेक ड्रायव्हरच मारतो. उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले, मध्येच वळणारी ई-रिक्षा आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी गाय पाहता नागपुरात या यंत्राला गप्प बसायला फारशी सवड मिळणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

पण त्या टीटीचं पुढे काय करायचं, हे या प्रकल्पाने फार चांगलं ठरवलं. जिथे अपघात होऊन माणसं मरतात त्या जागांना वाहतूक खात्यात 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. जिथे अजून कुणी मेलेलं नाही, पण बसमधले कॅमेरे पुन्हा पुन्हा ओरडतात, त्या जागा 'ग्रे स्पॉट'. तिथे वळण दुरुस्त करा, दुभाजक हलवा, पट्टे मारा, असं यंत्राच्या नोंदी सांगू लागल्या. भविष्य वर्तवणारं यंत्र म्हणतात ते हेच. फक्त इथे संशय घेतला जातो तो रस्त्यावर. वळणाला बदनामी नसते, दुभाजकाला जामीन लागत नाही, आणि यंत्र चुकलं तर फार तर एक पट्टा जास्त मारला जातो. माणसावर संशय घेणारं यंत्र आलं की हिशेब बदलतो.

ते यंत्रही आलं आहे आणि त्याचं नाव 'मार्व्हल'. (आयर्न मॅन आणि अल्ट्रॉनचे चित्रपट काढणारी कंपनी ती वेगळी. नाव ठेवणाऱ्यांनी हा योगायोग हेरला नसेल असं मानणं अवघड आहे.) पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये ही स्वतंत्र कंपनी काढली. आयआयएम नागपूर सोबतीला आहे आणि मुख्यालय नागपुरातच. गुन्ह्यांच्या नोंदी चाळून पुढच्या गुन्ह्यांचा अंदाज बांधणं हा तिच्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक भाग.

तिचं सर्वांत मोठं यश ऑगस्ट 2025 मधलं. राखीपौर्णिमेच्या दिवशी नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ ट्रकने एका दुचाकीला उडवलं. मागे बसलेली बायको जागीच गेली. नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केले. कुणी थांबलं नाही. शेवटी त्याने तिचा मृतदेह दुचाकीच्या मागच्या सीटला बांधला आणि गाडी सुरू केली. तो व्हिडिओ देशभर फिरला. ट्रकविषयी त्याला एवढंच सांगता येत होतं की त्यावर लाल खुणा होत्या. नंबर नाही, कंपनी नाही. ग्रामीण पोलिसांनी टोल नाक्यांवरचं फुटेज मार्व्हलच्या प्रणालीत घातलं. एका पद्धतीने लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, दुसरीने त्यांचे वेग ताडून पाहिले, आणि सुमारे 36 तासांत तो ट्रक 700 किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर मार्गावर सापडला. ड्रायव्हरला अटक झाली.

हे काम माणसांनी केलं असतं तर डोळे फुटले असते आणि ट्रक तोवर रंगवून झाला असता. त्यामुळे यंत्राला शाबासकी द्यायलाच हवी, आणि ते लावणाऱ्या पोलिसांनाही. तरी या घटनेत एक उलटंपालटं आहे. 'रोबोट'मध्ये माणसाची लाज यंत्राला कळत नाही म्हणून मुलगी ट्रकखाली जाते. देवलापारच्या रस्त्यावर माणसांना सगळं दिसत होतं, कळतही होतं, आणि तेच थांबले नाहीत. तो हात करत असताना किती गाड्या पुढे गेल्या याची नोंद टोल नाक्यांच्या कॅमेऱ्यांत असणारच. त्यांना शोधायला कुणी सांगितलं नाही, म्हणून यंत्राने त्यांना शोधलं नाही. यंत्र सांगितलेलंच शोधतं. लाल खुणा म्हटलं, लाल खुणा आणल्या.

आता हेच 'सांगितलेलं शोधणं' नंदनवनात आणून पाहावं. पूर्व नागपूरची ही वस्ती काही एका सुताची नाही. ग्रेट नाग रोडवर कॉलेज, आतल्या अंगाला जुनी झोपडपट्टी, पलीकडे हसनबाग, अलीकडे बंगले आणि फ्लॅट, मधोमध तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांच्या नावाचा चौक. 17 मार्च 2025 च्या रात्री महाल भागात दंगल उसळली आणि शहरातल्या 11 पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, त्यात नंदनवनही होतं. पुढचे दिवस फुटेजचे होते. चौकाचौकातले सरकारी कॅमेरे, दुकानदारांचे कॅमेरे, लोकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ, यांतून चेहरे काढून माणसं ओळखण्याचं काम चाललं. दंगलखोर पकडायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण लाल खुणांचा ट्रक आणि निळ्या शर्टातला, दाढीवाला, तोंडाला रुमाल बांधलेला पंचविशीतला पोरगा यांत फरक आहे. तसे पोरगे मार्चच्या उन्हात नंदनवनात एका वेळी चारशे सापडतील.

इथे लाल चिप लागत नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी जानेवारी 2020 मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला घरासमोर, बायको-मुलींच्या देखत, घड्याळांच्या चोरीसाठी बेड्या घातल्या. दुकानातल्या अंधुक फुटेजवरून चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने त्याचा जुना फोटो पुढे केला होता. माणूस भलताच निघाला. 2024 मध्ये तडजोड झाली आणि केवळ यंत्राच्या जुळणीवर अटक करणार नाही, असं तिथल्या पोलिसांना लिहून द्यावं लागलं. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं की चेहऱ्याची जुळणी 80 टक्क्यांच्या वर गेली की ती होकारार्थी धरली जाते. 80 च का, 75 किंवा 95 का नाही, हे ठरवणारा कुणीतरी माणूसच होता. यंत्र बंड करत नाही, ते टक्केवारी देतं. बेडी माणूस घालतो आणि मग म्हणतो, सिस्टिमने दाखवलं.

पोलिसांना ही साधनं देऊच नयेत, असं म्हणणाऱ्यांनी देवलापारच्या त्या नवऱ्याला जाऊन तसं सांगावं. प्रश्न साधनाचा नाहीच. चित्रपटात बोहरा कितीही नालायक असले तरी एक समिती होती, तिच्यापुढे चिट्टीला उभं राहावं लागलं, कठीण प्रश्न विचारले गेले, नापासचा शिक्का बसला. शेवटी चिट्टीचे भाग सुटे झाले ते न्यायालयाच्या हुकुमाने; सैन्याने त्याला परस्पर उडवून टाकलं नाही. तमीळ मसालापटाच्या लेखकाला परीक्षक आणि न्यायालय दोन्ही सुचले, हे विसरू नये. नागपुरात ती समिती कुठे बसते?

यंत्रं तर वेगाने येत आहेत. मायक्रोसॉफ्टच्या मदतीने बनलेली 'महाक्राइमओएस' ही तपासाला साहाय्य करणारी प्रणाली आधी नागपुरातल्या 23 पोलीस ठाण्यांत चालवून पाहिली आणि डिसेंबर 2025 मध्ये ती राज्यभरातल्या 1,100 ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. म्हणजे राज्याची चाचणी नागपूरच्या अंगावर झाली. तिच्यात काय चुकलं, काय दुरुस्त केलं, याचा अहवाल नागपूरकरांच्या हाती पडायला हवा की नको? 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे पाहावं तर गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यांसाठीच्या कामाला त्यातून मोठी सूट आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली फुटेजला प्रमाणपत्र लागतं, ते ठीक. पण हजार चेहऱ्यांतून सॉफ्टवेअरने हाच चेहरा वर का काढला, याचं प्रमाणपत्र त्यात नसतं.

दरवर्षी डिसेंबरात विधिमंडळ इथे हिवाळी अधिवेशनाला येतं, हुरडा आणि संत्री खाऊन जातं. एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकावा: मार्व्हलच्या प्रणालीने किती माणसं सुचवली, त्यांतली किती भलतीच निघाली, आणि भलत्या निघालेल्यांना पोलीस ठाण्यात किती तास बसावं लागलं. उत्तर चांगलं आलं तर सरकारचीच शोभा वाढेल. नाही आलं, तर निदान प्रश्न इतिवृत्तात राहील.

एवढं सगळं हाताशी असताना मराठी सिनेमात मात्र यंत्रमानवाच्या नावाने सन्नाटा. कल्पना नव्हती म्हणावं तर तेही खरं नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवून बक्षीस मिळवलं. पुढे त्यांनी 'वामन परत न आला' ही कादंबरी लिहिली. जमिनीखाली गाडलेली पेटी, तिच्यात एका पुरातन पण आपल्याहून प्रगत संस्कृतीचं ज्ञान, त्या ज्ञानावरून घडवलेला बुटका यंत्रमानव वामन, आणि स्वतःसारखे आणखी वामन निर्माण करण्याची त्याची ओढ. चिट्टी पडद्यावर स्वतःच्या शेकडो प्रती काढू लागला त्याच्या वीसेक वर्षं आधी मराठी वाचकाने हे वाचलं होतं, आणि तेही लाल चिपशिवाय. वामन दुष्ट नाही. हुशार आहे, आणि त्याला आपली जात वाढवायची आहे, इतकंच. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत वामनाची आठवण निघाली. त्यावर चित्रपट काढू, असं म्हणणारा निर्माता काही पुढे आला नाही.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागायला लागली तर काय, हा प्रश्न मराठी पडद्याने मनावर घेतला तो 1993 मध्ये, महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'त. रामदास पाध्यांनी घडवलेल्या बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरला आणि तात्या विंचू अजरामर झाला. तिथे मायक्रोचिपच्या जागी मंत्र होता. लोकांनी आनंदाने मानला, कारण बाहुल्याच्या करामती पाहण्यासारख्या होत्या.

निर्माते पैशाचं कारण देतात. दीडशे कोटींचा रोबोट मराठीत परवडत नाही, हे खरं, पण तो हवाय कशाला? रोबोटपटांच्या इतिहासातलं सर्वांत धडकी भरवणारं पात्र म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकच्या 1968 च्या 'स्पेस ओडिसी'मधला संगणक हॅल. त्याला शरीरच नाही. भिंतीतली एक लाल काच आणि शांत, सभ्य आवाज, बस. खर्चाचंच बोलायचं तर 2004 चा 'प्रायमर' हा अमेरिकन विज्ञानपट 7 हजार डॉलरमध्ये झाला आणि सनडान्स महोत्सवात पहिला आला. आणि नागपूरच्या वस्त्यांत सिनेमा उभा राहतो का, ही शंका नागराज मंजुळेंनी 2022 च्या 'झुंड'ने मिटवली आहे. इथलीच पोरं, इथलीच बोली, अमिताभ बच्चन समोर असूनही न बुजणारी.

तेव्हा मराठी रोबोटपट नंदनवनात घडायला हरकत नाही. नायक 'आपली बस'चा ड्रायव्हर. काचेमागचा कॅमेरा दिवसभर त्याच्या कानाशी टीटी करतो. त्याचा पोरगा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात शिकतो आणि बापाला सांगतो की यंत्र कधी थकत नाही. बाप म्हणतो, मंग त्यालेच ब्रेक मारू दे. एका रात्री दगडफेक होते. पोरगा तिथून फक्त जात असतो. प्रणाली त्याच्या चेहऱ्यापुढे 83 टक्के लिहिते. पुढचे दोन तास बाप आणि पोरगा एकाच प्रश्नामागे ठाण्यातून कॉलेजात, कॉलेजातून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात फिरतात: 83 म्हणजे किती? मारामारी हवीच असेल तर ठाण्याबाहेर थोडी घालता येईल, ॲक्शनपट म्हणून विकायला. हेलिकॉप्टर नको, स्फोट नको, परदेशी स्टुडिओ तर अजिबात नको. मुख्य चित्रीकरण जगनाडे चौकात. परवानगी मात्र पोलिसांकडून काढावी लागेल आणि अर्जासोबत पटकथाही जोडावी लागेल.